लातूरमधली तूर: लिहिता लिहिता महत्त्वाचे शब्द रंगवणारी चौकट कशी बनवावी

मोंढ्यातल्या एका नातेवाइकांच्या आडत दुकानासाठी मी काही वर्षांपूर्वी संगणकावरची साधी टिपणवही तयार केली. दिवसभरात आलेला माल, दिलेली उचल, हमाली, तोलाई आणि सौद्याचे दर यांविषयी तिच्यात मोकळ्या वाक्यांत लिहायचे आणि लिहीत असतानाच पिकांची नावे, हिशेबाचे शब्द व आकडे वेगवेगळ्या रंगांत उठून दिसावेत, एवढीच अपेक्षा होती. इंग्रजीसाठी लिहिलेला एक तयार नमुना मी घेतला, त्यातले शब्द काढून मराठी शब्द घातले आणि पहिलेच वाक्य लिहिले: 'लातूरच्या मोंढ्यात तुरीला चांगला दर मिळाला.' पडद्यावर 'लातूर' या नावातली 'तूर' हिरवी झाली आणि खरी तूर, म्हणजे 'तुरीला' हा शब्द, कोराच राहिला.

रंग भरण्याचे काम अर्ध्या दिवसात जमते. मराठी शब्द कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि विभक्ती लागल्यावर कसा बदलतो हे संगणकाला सांगण्यातच खरा वेळ जातो. म्हणून या लेखात चौकट उभी करण्याच्या पायऱ्या थोडक्यात आणि शब्द ओळखण्याच्या पायऱ्या सविस्तर दिल्या आहेत. वाचकाला एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट यांची तोंडओळख आहे असे गृहीत धरले आहे.

आधी कागदावर शब्दांची यादी

संगणक सुरू करण्यापूर्वी वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात पिके लिहावीत: सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद, कापूस, ज्वारी, करडई, मका, गहू. दुसऱ्यात व्यवहाराचे शब्द: आवक, आडत, हमाली, तोलाई, उचल, पट्टी, क्विंटल. तिसऱ्यात गावांची व जिल्ह्यांची नावे. या तिसऱ्या रकान्यात जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे घालावी लागतात, कारण औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी बदलली असली तरी लिहिणाऱ्याच्या बोटांना जुनी सवय असते आणि जुन्या नोंदी तर जुन्याच नावांनी भरलेल्या असतात.

यादी जितकी लहान तितकी उपयोगी. प्रत्येक ओळीत सात-आठ शब्द रंगू लागले की काहीच उठून दिसत नाही. मी सुरुवातीला साठ शब्द घातले होते, नंतर पंचवीसांवर आलो.

चौकटीचे दोन थर

नवशिक्याला सर्वप्रथम अडवणारी गोष्ट अशी की एचटीएमएलमधल्या टेक्स्ट-एरियात एखाद्याच शब्दाला वेगळा रंग देता येत नाही. तिच्यातला मजकूर निव्वळ मजकूर असतो आणि सगळ्याला एकच शैली लागू होते. यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे टेक्स्ट-एरिया सोडून 'कंटेंट-एडिटेबल' हा गुणधर्म लावलेला साधा डिव्ह वापरणे. तेथे शब्दाभोवती खूण घालता येते, परंतु प्रत्येक अक्षरागणिक आतली रचना बदलल्यामुळे कर्सर सुरुवातीला उडी मारतो, कंट्रोल-झेड नीट चालत नाही आणि ध्वन्यनुसारी कळफलकावर अर्धवट बनत असलेले अक्षर मध्येच तुटते किंवा दोनदा उमटते. दुसरा मार्ग म्हणजे टेक्स्ट-एरिया जशीच्या तशी ठेवून तिच्या बरोबर मागे तोच मजकूर असलेला दुसरा थर लावणे. नव्याने शिकणाऱ्याने दुसराच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात लिहिणाऱ्याच्या मजकुराला आपला प्रोग्राम कधीही हात लावत नाही.

एक बाहेरचा डिव्ह घ्यावा आणि त्याची पोझिशन 'रिलेटिव्ह' ठेवावी. त्याच्या आत मागच्या थराचा डिव्ह आणि पुढे टेक्स्ट-एरिया, दोन्ही एकावर एक बसतील असे ठेवावेत. टेक्स्ट-एरियाची पार्श्वभूमी पारदर्शक करावी. मागच्या थरातल्या अक्षरांचा रंग पारदर्शक करावा, म्हणजे तेथे फक्त 'मार्क' या घटकाची रंगीत पार्श्वभूमी दिसेल आणि अक्षरे दिसतील ती पुढच्या थरातली. मागच्या थराला माऊसचे क्लिक लागू नयेत म्हणून 'पॉइंटर-इव्हेंट्स' बंद करावेत आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांनी तोच मजकूर दोनदा वाचू नये म्हणून 'एरिया-हिडन' लावावे.

आता दोन्ही थरांची अक्षरे तंतोतंत एकावर एक बसली पाहिजेत. टेक्स्ट-एरियाला ब्राउझर स्वतःचा वेगळा फॉन्ट देतो, म्हणून फॉन्ट, आकार, ओळीची उंची, आतली मोकळी जागा आणि कडेची जाडी हे सर्व दोन्हींना एकाच नियमात लिहावे. 'व्हाइट-स्पेस' हा गुणधर्म 'प्री-रॅप' ठेवावा, म्हणजे ओळी दोन्हीकडे एकाच ठिकाणी मोडतात. पुढच्या थरात उभा स्क्रोलबार आला की मजकुराची रुंदी घटते आणि सगळे रंग एका शब्दाने सरकतात, म्हणून दोन्ही थरांत उभा स्क्रोलबार कायम राखून ठेवावा. मार्कला पॅडिंग देऊ नये आणि त्यातली अक्षरे ठळक करू नयेत, कारण ठळक अक्षर अधिक जागा घेते. अधोरेखेचाही मोह टाळावा: देवनागरीत उकार ओळीच्या खाली उतरतात आणि रेघ त्यांच्यामधून जाते. फिकी पार्श्वभूमी सर्वांत सोयीची. मात्र ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट ठेवावी, नाहीतर वरच्या ओळीतला ऊकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांच्या रंगात घुसतात.

मागचा थर भरणे

मजकूर बदलला हे ओळखण्यासाठी कळ दाबल्याची घटना पकडू नये. माऊसने चिकटवलेला मजकूर, ओढून आणलेले वाक्य आणि मोबाइलवर बोलून केलेले लेखन यांत कळ दाबलीच जात नाही. शिवाय अँड्रॉइडच्या अनेक कळफलकांवर कोणतीही कळ दाबली तरी 229 हाच क्रमांक हाती येतो. 'इनपुट' ही एकच घटना या सर्व प्रसंगी घडते, तिच्यावर विसंबावे.

घटना घडली की टेक्स्ट-एरियातला मजकूर घ्यावा, त्यात यादीतले शब्द शोधावेत आणि मागचा थर नव्याने भरावा: शब्दापूर्वीचा भाग साधा मजकूर म्हणून, सापडलेला शब्द मार्कमध्ये, पुढचा भाग पुन्हा साधा मजकूर. हे करताना तुकडे जोडून एचटीएमएलची ओळ तयार करण्याऐवजी मजकुराचे नोड बनवून 'रिप्लेस-चिल्ड्रन' या एका आज्ञेने बसवावेत. कारण साधे आहे: कोणी दर अमुकपेक्षा कमी असे दाखवण्यासाठी लहान-मोठेपणाचे चिन्ह वापरले, तर ब्राउझर ते चिन्ह टॅगची सुरुवात समजू शकतो आणि त्यापुढचा मजकूर गिळून टाकतो. बाहेरून चिकटवलेल्या मजकुरात एखादी खोडसाळ आज्ञा असली, तर तीही अशाच वाटेने आत शिरते.

दोन छोट्या गोष्टी राहतात. टेक्स्ट-एरिया वर-खाली सरकली की मागच्या थराची सरकण्याची जागाही तेवढीच करावी. आणि मजकूर रिकाम्या ओळीने संपत असेल, तर मागच्या डिव्हमध्ये ती शेवटची ओळ मोजली जात नाही व तळाशी गेल्यावर रंग एका ओळीने चुकतात; म्हणून मागच्या थराच्या शेवटी नेहमी एक जागा जोडावी.

शब्दाची सीमा

लातूरमधली तूर रंगण्याचे कारण असे की साधा शोध अक्षरांचा क्रम पाहतो, शब्द पाहत नाही. इंग्रजी नमुन्यांत यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे शोधाचा नमुना लिहिण्याच्या सांकेतिक पद्धतीत, शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'बॅकस्लॅश-बी' ही सीमेची खूण लिहितात. मीही तेच केले, आणि त्यानंतर एकही मराठी शब्द रंगेना. जावास्क्रिप्टच्या लेखी 'शब्दातले अक्षर' म्हणजे फक्त रोमन अक्षरे, 0 ते 9 हे इंग्रजी अंक आणि अधोरेखाचिन्ह. देवनागरीतले प्रत्येक अक्षर तिच्या दृष्टीने विरामचिन्हासारखेच. दोन्ही बाजूंना 'शब्दाबाहेरचे' असेल तेथे सीमा उमटतच नाही, त्यामुळे शोध निमूटपणे रिकामा परततो. चूक दाखवली जात नाही, हेच त्यातले त्रासदायक.

यावर उपाय असा की सीमा आपणच लिहावी. रेग्युलर एक्स्प्रेशनला युनिकोडचा 'यू' ध्वज लावला की अक्षरांच्या युनिकोड वर्गांवर अट घालता येते. शब्दाच्या मागे आणि पुढे 'अक्षर' या वर्गातले काही नसावे, एवढी अट पुरेशी वाटते, पण येथे देवनागरीचा दुसरा स्वभाव आडवा येतो. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही 'अक्षरे' नसून 'चिन्हे' या वेगळ्या वर्गात आहेत. केवळ अक्षर-वर्ग तपासला, तर 'उचल' हा शब्द 'उचलून' या शब्दाच्या सुरुवातीलाही सापडतो, कारण 'उचल'च्या लगेच पुढे येणारा ऊकार अक्षर मानला जात नाही. म्हणून अट अशी लिहावी ('अदृश्य जोडक' म्हणजे जोडाक्षराचे रूप ठरवणारा, पडद्यावर न दिसणारा वर्ण):

मागे नको: अक्षर, चिन्ह, अंक, अदृश्य जोडक
मध्ये हवा: यादीतला शब्द
पुढे नको: अक्षर, चिन्ह, अंक, अदृश्य जोडक

'मागे नको' या अटीला ब्राउझरचे पाठबळ लागते. सफारीत ती 16.4 या आवृत्तीपासून चालते, क्रोममध्ये त्याच्या बऱ्याच आधीपासून. यादीत 'तूर' आणि 'तूर डाळ' असे दोन्ही शब्द असतील, तर लांब शब्द आधी लिहावा, कारण पर्यायांपैकी जो आधी जुळेल तोच घेतला जातो आणि मग डाळ बिचारी बाहेर राहते.

नवशिक्यांना गोंधळवणारी आणखी एक बाब म्हणजे लांबी. 'क्विंटल' डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी 7 सांगते: क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल. रंगाची सुरुवात किंवा शेवट कधीही या जोडणीच्या मध्ये करू नये, नाहीतर जोडाक्षर फुटते किंवा सुटी पडलेली मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. वरची अट पाळली, तर हा धोका आपोआप टळतो.

तूर, तुरी, तुरीला

सीमा नीट झाल्यावर 'लातूर' कोरे राहिले, पण 'तुरीला' अजूनही कोरेच होते. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि ते नेहमी मूळ शब्दासारखे दिसत नाही. वहीतल्या यादीला म्हणून चौथा रकाना जोडावा: तूर–तुरी, मूग–मुगा, उडीद–उडदा, कापूस–कापसा, हरभरा–हरभऱ्या, मका–मक्या, गहू–गव्हा. ज्वारी आणि करडई बदलत नाहीत. गावांच्या नावांनाही हाच नियम: जालना–जालन्या, आणि स्वतः लातूर तर 'लातूरला' असेही येते व 'लातुरात' असेही. हे रूप प्रोग्रामने नियमाने तयार करावे असा विचार मी करून पाहिला. अपवाद इतके निघाले की पंचवीस शब्दांची रूपे हाताने लिहिणे पुष्कळ सोपे ठरले.

त्यानंतर प्रत्ययांची एक यादी करावी: ला, ना, ने, नी, शी, चा, ची, चे, च्या, चं, त, तून, हून, वर, साठी, पेक्षा, मुळे, कडे, मध्ये. शोधाचा नमुना मग असा होतो:

(मूळ रूप) किंवा (सामान्यरूप आणि त्यापुढे यादीतला एक प्रत्यय)
त्यापुढे असल्यास: च, ही किंवा सुद्धा

या एका नमुन्यात तूर, तूरही, तुरीला, तुरीपेक्षा, हरभऱ्याचाच असे सर्व येतात. सामान्यरूपानंतर 'कोणतीही अक्षरे चालतील' अशी सैल अट घालण्याचा मोह होतो, परंतु तिने भलतेच शब्द पकडले जातात. रंग मात्र प्रत्ययासह पूर्ण शब्दाला द्यावा. अर्ध्या शब्दाला दिलेला रंग डोळ्यांना खुपतो.

काही शब्दांपुढे हात टेकावे लागतात. 'भाव' हा शब्द यादीत घातल्यावर 'भावाला पाच हजारांची उचल दिली' या वाक्यातला भाऊही रंगू लागला, कारण दोन्हींचे सामान्यरूप एकच. मी 'भाव'चे फक्त मूळ रूप ठेवले आणि दुकानात 'दर' लिहिण्याची विनंती केली. 'मूग गिळून बसला' या वाक्यातला मूग मात्र आजही हिरवा होतो. त्याला माझी हरकत नाही.

एकच शब्द, तीन स्पेलिंगे

'हरभऱ्याला' काही नोंदींत रंगत होता आणि काही नोंदींत नाही, याचा उलगडा होण्यास मला दोन संध्याकाळी लागल्या. 'ऱ्य' मधला ऱ संगणकात तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर, साधा र आणि त्याखाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण शोधाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. कोणता प्रकार उमटेल हे कळफलकावर अवलंबून असते. 'नॉर्मलाइझ' ही आज्ञा पहिल्या दोघांना एक करते, तिसऱ्याला नाही. शिवाय तिने मजकुराची लांबी बदलते आणि सापडलेल्या शब्दांच्या जागा चुकतात. म्हणून मजकूर न बदलता शोधाच्या नमुन्यातच 'ऱ'च्या ठिकाणी तिन्ही पर्याय लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते. 'ॲ' या अक्षराचीही हीच कथा आहे: ते एकसंध अक्षर म्हणूनही येते आणि अ अधिक चंद्र असेही.

लिहिताना होणारी लुकलुक

'तुरीला' लिहिताना काय होते ते सावकाश पाहावे. 'तुरी' पूर्ण होताच, ते रूप अनेकवचन म्हणून यादीत असेल, तर रंग उमटतो; 'तुरील' झाल्यावर जातो; 'तुरीला' झाल्यावर परत येतो. वेगाने लिहिणाऱ्याला पानावर दिवे लुकलुकल्यासारखे वाटते. यावर मी केलेली तोड अशी की ज्या शब्दाचा शेवट कर्सरच्या जागेला लागून आहे तो त्या वेळी रंगवायचा नाही. पुढे जागा, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आला की रंग द्यायचा. कर्सरची जागा 'सिलेक्शन-स्टार्ट' मधून मिळते आणि ती शोधाच्या मोजणीशी थेट जुळते. कर्सर नुसता हलला तर 'इनपुट' घडत नाही, म्हणून क्लिक, कळ सोडणे आणि चौकटीबाहेर जाणे या घटनांवरही थर पुन्हा भरावा. नाहीतर शेवटी लिहिलेला शब्द तसाच कोरा राहतो.

आकड्यांसाठी 'बॅकस्लॅश-डी' पुरत नाही, कारण जावास्क्रिप्टमध्ये त्यात देवनागरी अंक येत नाहीत. शून्य ते नऊ अशी दोन्ही लिप्यांची टोके नमुन्यात लिहावीत आणि मध्ये स्वल्पविराम व दशांशचिन्ह चालू द्यावे.

मजकूर मोठा असेल तर, आणि इतर साधनांत

दोन-तीन पानांच्या नोंदीसाठी प्रत्येक वेळी सगळा मजकूर तपासला तरी चालते. वर्षभराची वही एकाच चौकटीत उघडायची असेल, तर प्रत्येक ओळीचा वेगळा घटक करून फक्त बदललेली ओळ पुन्हा भरावी. क्यूटी या साधनसंचातला 'क्यू-सिंटॅक्स-हायलायटर' हेच तत्त्व वापरतो: तो बदललेला परिच्छेद तेवढा आपल्या हाती देतो. जावाच्या 'जे-टेक्स्ट-पेन'मध्ये काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मजकूर बदलल्याची सूचना मिळत असतानाच त्या मजकुराची शैली बदलू गेल्यास बदल होत नाही आणि चूक येते. रंगवण्याचे काम 'इन्व्होक-लेटर'ने पुढे ढकलावे. डॉटनेटच्या 'रिच-टेक्स्ट-बॉक्स'मध्ये रंग देण्यासाठी आधी शब्द निवडावा लागतो, तेव्हा कर्सरची मूळ जागा जपून ठेवून काम झाल्यावर परत द्यावी.

ब्राउझरमध्ये आता 'सीएसएस कस्टम हायलाइट' ही सोयही आली आहे. तिच्यात शब्दाभोवती घटक न घालता फक्त शब्दाची व्याप्ती नोंदवायची असते. रचना अबाधित राहत असल्याने कंटेंट-एडिटेबलच्या अनेक तक्रारी मिटतात. ती क्रोममध्ये 105 या आवृत्तीपासून, सफारीत 17.2 पासून आणि फायरफॉक्समध्ये 140 पासून उपलब्ध आहे. टेक्स्ट-एरियाच्या आतल्या मजकुरावर मात्र ती चालत नाही, त्यामुळे दोन थरांची युक्ती अजून मोडीत काढता येत नाही. शब्दसीमा आणि सामान्यरूप यांचे वर सांगितलेले काम या सर्व साधनांत तेवढेच करावे लागते. सीमेच्या खुणेचा अर्थ प्रोग्रामच्या भाषेगणिक बदलतो, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी मराठी शब्दावरच तपासून घ्यावा.

तपासणीची वाक्ये

चौकट तयार झाली की पुढील वाक्ये स्वतः टंकलिखित करावीत, आणि नंतर तीच चिकटवूनही पाहावीत:

लातुरात तुरीपेक्षा हरभऱ्याला दर अधिक.
कापसाची आवक १,२५० क्विंटल, सोयाबीनचीही तेवढीच.
उचल दिली, पोती उचलून ठेवली.
गहू, गव्हाचा, गव्हातही.

तिसऱ्या वाक्यात 'उचल' हाच शब्द रंगला पाहिजे, 'उचलून' नाही. पहिले वाक्य मोबाइलच्या कळफलकावरून आणि संगणकावरून असे दोनदा लिहावे, म्हणजे ऱ कोणत्या प्रकाराने उमटतो तेही कळेल. शेवटी मजकूर दोन पडदे भरेल इतका वाढवून तळाशी जावे आणि रंग अक्षरांच्या बरोबर खाली बसतात की अर्धी ओळ घसरतात, ते पाहावे. घसरत असतील, तर शंभरातल्या नव्वद वेळा दोन थरांच्या ओळीची उंची किंवा स्क्रोलबारची जागा वेगळी राहिलेली असते.